तुम्ही विचारलंत म्हणून: गंजलेल्या ट्रकखालचा अ‍ॅक्सल

जुना फोर व्हील ड्राइव्ह ट्रक भंगारात उभा दिसला, की सोबतचा माणूस मला हटकून विचारतो, "खाली अ‍ॅक्सल कुठला आहे? आणि काढून न्यायच्या लायकीचा आहे का?" अ‍ॅक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, आत गिअर असलेला आडवा भाग. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. दुसऱ्यासाठी मला अर्धा दिवस लागतो, आणि खरं काम तिथेच असतं.

आधी ओळख. ट्रकच्या कागदांवर मी विसंबत नाही. कारखान्यातून बाहेर पडताना त्याच्याखाली काय होतं, एवढंच ते सांगतात. पुढच्या चाळीस वर्षांत कुणी काय बदललं, ते सांगत नाहीत. मागच्या कव्हरच्या बोल्टला अडकवलेला पत्र्याचा टॅगही तसाच. कव्हर निघतं, टॅग पडतो, दुसराच कुठला तरी लागतो. हाउसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, ओतीव बीड मात्र बदलत नाही. म्हणून तारेचा ब्रश घेऊन मी हाउसिंगच्या फासळ्या घासतो. डाना कंपनीच्या अ‍ॅक्सलवर तिथे बहुतेक वेळा 44 किंवा 60 असा आकडा ओतकामातच उठून आलेला असतो. 44 चं क्राऊन व्हील (आतलं मोठं दातेरी चाक) साडेआठ इंचांचं, 60 चं पावणेदहा इंचांचं. दोघांच्या कव्हरला बोल्ट दहाच, त्यामुळे नुसते बोल्ट मोजून भागत नाही. जनरल मोटर्सचा चौदा बोल्टांचा अ‍ॅक्सल प्रसिद्ध आहे, पण त्यातही दोन जाती: एकाचं क्राऊन साडेदहा इंचांचं, दुसऱ्याचं साडेनऊ. फोर्डच्या 9 इंचीला तर मागे कव्हरच नसतं, त्याचं सगळं डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) पुढच्या बाजूने निघतं.

साडेदहा की साडेनऊ, हे चाकाच्या मध्याकडे पाहिलं की कळतं. हब बाहेर डोकावत असेल आणि त्याच्या तोंडावर बोल्टांचं कडं असेल, तर तो फुल फ्लोटिंग, म्हणजे साडेदहाचा. त्यात ट्रकचं वजन हाउसिंगच्या टोकावरच्या बेअरिंगांवर असतं, शाफ्टने फक्त पीळ सोसायचा. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाही तो शाफ्ट ओढून काढता येतो, आणि तुटला तरी चाक जागेवर राहतं. सेमी फ्लोटिंगमध्ये तोच शाफ्ट वजनही पेलतो. जड कामासाठी कुठला न्यावा, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नसते. साडेदहाच्या अ‍ॅक्सलमध्ये पिनियनला (क्राऊन फिरवणाऱ्या लहान गिअरला) आतल्या टोकाशीही आधाराचं तिसरं बेअरिंग आहे. ते पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा करणाऱ्याने किती पुढचा विचार केला होता ते मला समजलं.

आता गिअर रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाकडची गती अ‍ॅक्सलपर्यंत आणणारा दांडा) किती फिरतो. मागची दोन्ही चाकं उचलून, लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवून, गिअर न्यूट्रलला आणावा. एक चाक सोबतच्याने घट्ट धरायचं, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं, आणि खडूची खूण केलेला प्रॉपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. तोच रेशो. आत लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) असेल तर एक चाक धरून दुसरं फिरतच नाही. मग दोन्ही मिळून एक फेरा. पण मला दात मोजल्याशिवाय चैन पडत नाही. क्राऊनचे 41 दात पिनियनच्या 11 ला म्हणजे 3.73, 41 ला 10 म्हणजे 4.10, 37 ला 9 म्हणजे 4.11. जुन्या विलीज जीपमध्ये 39 ला 8, म्हणजे जवळपास 4.88. पुढे 4.10 आणि मागे 4.11 चालतं. पुढे 3.73 आणि मागे 4.10 मात्र कधीच नाही. ज्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना गती वाटणाऱ्या पेटीत) मधलं डिफरेन्शियल नाही, तिथे कडक रस्त्यावर पुढचं आणि मागचं एकमेकांना पिळत राहतं, आणि शेवटी काहीतरी तुटतं.

या हिशेबात एकदा मी मोठी चूक केली. पुढचा अ‍ॅक्सल मिळाला होता, दात अगदी नव्यासारखे, रेशो जुळणारा. घरी आणून ट्रकखाली सरकवला तेव्हा दिसलं, की त्याचा डिफरेन्शियलचा गोळा डावीकडे आहे आणि माझ्या ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड उजवीकडे. दोन वर्षं तो तसाच पडून राहिला. अजून आठवलं की वाईट वाटतं, कारण त्याच ट्रकखाली त्याची ट्रान्सफर केस शाबूत होती, ती मी सोडून आलो होतो. तेव्हापासून मी सुटा भाग शोधायचं सोडलं, जोडी शोधतो: पुढचा, मागचा, ट्रान्सफर केस, प्रॉपेलर शाफ्ट, सगळं एकाच गाडीचं.

आत उघडल्यावरही जोडीच बघायची. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच जुळणीचा नंबर असतो. एकाचं क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन लावलं, तर ते ओरडतात आणि लवकर मरतात. बेअरिंगच्या कॅप हाउसिंगला लावूनच कापलेल्या असतात, म्हणून डावी डावीकडेच आणि उलटी न करता. अक्षरं ठोकलेली नसली तर मी पंचने एका बाजूला एक टिंब आणि दुसऱ्या बाजूला दोन टिंबं मारतो. शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) बाजूप्रमाणे वेगळ्या तारेत ओवायच्या.

न्यायचा की सोडायचा, हे आधी ऑइल सांगतं. दुधासारखं झालं असेल तर आत पाणी शिरलंय, बेअरिंगवर गंज असणार. बोटावर चंदेरी चमक आली तर कुठेतरी धातू झिजतोय. दात निळसर पडले असतील तर ऑइलविना तापलेत, ती जोडी मी घेत नाही. हाउसिंग मात्र घेतो. शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) सरळ रेषेत हव्यात. पीळ दिसला तर तो शाफ्ट कितीही चकचकीत असो, थकलेला आहे. नळीला दोरा ताणून लावला की वाकही कळतो.

काढताना घाई नको. पुढचा मोठा अ‍ॅक्सल दोनशे किलोंच्या आसपास भरतो, तो एकट्याने छातीवर घ्यायची वस्तू नाही. जुन्या ब्रेक शूंमध्ये अ‍ॅस्बेस्टस असू शकतं; ती धूळ हवेने उडवू नका, पाण्याने भिजवून पुसा. यू बोल्ट कापून टाका, ते परत वापरायचे नसतात. टोयोटाच्या हबवर स्टडभोवती कोनासारखे वॉशर असतात, नट सैल केला तरी ते सोडत नाहीत. स्क्रू ड्रायव्हरने उचकायला गेलं की हबचं तोंड खराब होतं. नट टोकापर्यंत सैल करून स्टडवर किंवा हबच्या बाजूवर पितळी हातोडीचे ठोके द्यावेत, वॉशर आपणच उडून येतात.

शेवटी, लोक जे सोडून जातात ते उचला. स्पिंडलचे नट आणि त्यांचे लॉक वॉशर, लॉकिंग हब, ब्रेकच्या पाठीच्या प्लेटा, स्टीअरिंगचा हात, पिनियनवरचं योक. नंतर यातलं एकेक शोधताना महिने जातात. हे सगळं एका पिशवीत घालून मी त्याच अ‍ॅक्सलच्या नळीला तारेने बांधतो आणि हाउसिंगवर पांढऱ्या रंगाने मोजलेले दात लिहितो: 41, खाली 10.