वाराच नाही आणि जायचंय वाऱ्याच्याच विरुद्ध दिशेला

काल लेझरमध्ये, म्हणजे माझ्या छोट्या शिडाच्या बोटीत, परत तीच चूक केली. वारा जेमतेम 3-4 नॉट, म्हणजे ताशी सहा-सात किलोमीटर, बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) बरोबर वारा येतो त्या दिशेला, आणि मी अधाशासारखी बोटीचं नाक त्याच्याकडे वळवून शीट (शीड ओढायची दोरी) खेचून बूम (शिडाखालचा आडवा दांडा) पार मध्यावर आणून बसले. बोट दिसतेय ऐटीत, पण शेजारी पाण्यावर एक वाळकं पान होतं ते मिनिटभर शेजारीच! म्हणजे मीच जागची हलत नव्हते.

थेट वाऱ्यात कुठलीच शिडाची बोट जात नाही, साधारण 45 अंश सोडून टॅक मारत मारत, म्हणजे नाक वाऱ्यातून या बाजूचं त्या बाजूला वळवत नागमोडी, वर (वाऱ्याकडे) चढायचं, हे पहिल्या दिवशीच शिकवतात. पण हलक्या वाऱ्यात तो कोनही जरा सैल सोडावा लागतो. कारण डॅगरबोर्डवरून (बोटीखाली पाण्यात उतरवलेल्या उभ्या फळीवरून) पाणी वाहिलं तरच तो बोटीला धरून ठेवणार ना, स्पीड नसेल तर बोट नुसती आडवी घसरते. आधी पळू दे, मग वर चढव.

शीट वीतभर सोडली. शिडाच्या पलीकडच्या बाजूला चिकटवलेला, वारा कसा वाहतोय ते दाखवणारा लोकरीचा धागा इतका वेळ मेल्यासारखा लोंबत होता, तो थरथरला, उचलला आणि मागे सरळ वाहायला लागला. मग नाक थोडं खाली, वाऱ्यापासून लांब पाडलं, आणि पान मागे गेलं :)

बसायची जागा तर फारच महत्त्वाची. लेझरची नुसती बोट 59 किलोची, मी 64ची, म्हणजे बोटीपेक्षा मीच जड. मागे बसलं की मागचा सपाट भाग बुडून पाणी ओढत राहतो, म्हणून पार पुढे सरकायचं, आणि थोडं शिडाच्या बाजूला झुकायचं म्हणजे बोट किंचित कलते आणि शीड स्वतःच्याच वजनाने पोट धरतं. मग हलायचं नाही. शिंक आली तरी जपून.

सुकाणू दोन बोटांत, कारण प्रत्येक हिसका म्हणजे ब्रेक. टॅकही मोजकेच, एकेका टॅकला जमवलेला सगळा स्पीड जातो. पाण्यावर काळपट सुरकुत्या दिसल्या की तिकडे वारा, तेवढ्यासाठी मात्र खुशाल टॅक मारावा.

अर्ध्या तासाने बोयाला वळसा घातला आणि पाचच मिनिटांत दणदणीत वारा सुटला. आत्ता यायचं होतं होय रे?