गटारातला लाल खडा

इंग्लंडच्या उत्तरेला, कार्लाईल क्रिकेट क्लबच्या मैदानाच्या कडेला आमचं उत्खनन चालू होतं. खोदणारे बहुतेक गावातलेच: निवृत्त शिक्षक, नर्स, कॉलेजची पोरं. त्यांच्या हाती थापी द्यायची, मातीचा रंग कुठं बदलतो ते दाखवायचं आणि निघेल ते नोंदवायचं, हे माझं काम.

२०१७ मध्ये इथं नवं पॅव्हेलियन बांधण्याआधी जमीन तपासली, तेव्हा खाली रोमन स्नानगृह लागलं. वर स्टॅनविक्सच्या टेकाडावर रोमन सम्राट हेड्रियननं सीमेवर बांधलेल्या भिंतीवरचा सगळ्यात मोठा किल्ला होता. ‘आला पेत्रियाना’ हे हजार स्वारांचं पथक तिथं राहायचं. आज त्या किल्ल्यावर घरं आहेत, चर्च आहे, शाळा आहे; तिथं मनासारखी कुदळ मारता येत नाही. म्हणून स्वारांचा माग खाली ईडन नदीजवळच्या या स्नानगृहात काढायचा. मला तर तटबंदीपेक्षा हीच जागा बोलकी वाटते. तटावर शिपाई पहाऱ्याला उभा असतो. इथं तो कपडे उतरवून गप्पा मारत बसतो आणि नकळत काहीतरी हरवून जातो.

त्या दिवशी दगडी गटारातला गाळ चाळायचा होता. काळा, चिकट गाळ. बादलीभर गाळ चाळणीत ओतायचा, पाण्याची धार सोडायची, उरेल ते बोटांनी चाचपायचं. कोळसा, विटेचे तुकडे, हाडांच्या कपच्या. दुपारपर्यंत सगळ्यांची बोटं गारठली होती.

माझ्या शेजारी चाळत होत्या त्या सत्तरीच्या बाई. जन्म याच भागातला, राहणंही इथंच. त्यांनी तळहात पुढं केला. “काच आहे का गं ही?”

तुरीच्या डाळीएवढा लाल खडा होता. मी तो पाण्यात हलकेच बुडवला आणि तिरप्या उजेडात धरला. एक रेघ चमकली, मग दुसरी. भाला, ढाल, शिरस्त्राण. युद्धदेव मार्स! एवढ्याशा दगडावर कुणीतरी तो कोरला होता. स्नानगृहाच्या वाफेनं अंगठीतला डिंक सैल पडायचा, खडा कोंदणातून निसटायचा आणि पाण्याबरोबर गटारात जायचा. या गटारांतून असे तीसहून जास्त खडे मिळालेत.

असा अकीक हातात आला की मला पैठण आठवतं. माझं माहेर तिथलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की पैठणहून असे दगड गाड्यांत भरून भडोचला नेत आणि तिथून ते जहाजांनी पश्चिमेला जात. हा खडा त्यातलाच, असं नुसतं बघून कुणीच सांगू नये, मीही सांगितलं नाही. पण तो पिशवीत घालताना हात थोडा रेंगाळला, हे खरं.

पिशवीवर मी चराचा, थराचा क्रमांक लिहिला, तारीख घातली. बाई अजून तळहाताकडंच बघत होत्या.

“त्यानं शोधला असेल ना गं खूप?”

“शोधला असणार,” मी म्हटलं.

त्यांनी हात धुतले आणि पुढची बादली स्वतःच ओढली.