आजोबांच्या नावावरचा अनलिमिटेड

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: "आमच्याकडे जुना अनलिमिटेड प्लान आहे, आता नव्याने तो कोणालाच मिळत नाही. तो हातचा जाऊ नये म्हणून काय करायचं? आणि तेच सिम राऊटरमध्ये टाकून वावरातल्या घराला नेट पुरवता येईल का?"

ज्याला 'ग्रँडफादर्ड प्लान' म्हणतात ती भानगड गाजली ती अमेरिकेत. एटी अँड टीने २०१० मध्ये आणि व्हेरायझनने २०११ मध्ये नव्या ग्राहकांना अनलिमिटेड डेटा देणं थांबवलं, पण जुन्यांचा चालू ठेवला. २०१२ मध्ये व्हेरायझनने अट घातली की सवलतीत नवा फोन घ्याल तर अनलिमिटेड जाईल. मग लोक प्लान वाचवायला फोन पूर्ण किमतीला घेऊ लागले. आपल्याकडे असा प्लान पुष्कळदा खरोखरच आजोबांच्या नावावर असतो, आणि अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी कायद्याचं. ट्रायच्या, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार एखादा टॅरिफ प्लान तुम्ही घेतलात की त्या दिवसापासून सहा महिने कंपनी त्यातले दर तुमच्यासाठी वाढवू शकत नाही. सहा महिन्यांहून जास्त मुदतीचं रिचार्ज आगाऊ पैसे भरून मारलं असेल, तर ती पूर्ण मुदत तुमची. बस, संरक्षण एवढंच. 'जुना ग्राहक आहे म्हणून जन्मभर' असा हक्क नाही. त्यापुढे प्लान चालू असतो तो कंपनीने अजून बंद केलेला नाही म्हणून, आणि तुम्ही त्याला धक्का लावलेला नाही म्हणून. कंपनीचा निर्णय आपल्या हातात नाही, पण धक्का न लावणं आहे.

पहिला धक्का मुदत संपण्याचा. प्रीपेडमध्ये प्लान संपला आणि कंपनीने तो मधल्या काळात यादीतून काढलेला असला, तर पुन्हा मारायला तो दिसतच नाही. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. शेवटच्या दिवशी नेमकी लाईन जाते, यूपीआय अडकतं, दुकानदाराचं सर्व्हर डाऊन असतं. चार दिवस आधी मारा. काही कंपन्यांत आधी मारलेलं रिचार्ज रांगेत थांबतं आणि चालू प्लान संपला की आपोआप सुरू होतं, काहींत लगेच लागू होतं. दुकानदाराला हे आधी विचारायचं. ॲपमध्ये रांगेतल्या प्लानसमोर 'आत्ता सुरू करा' असं बटण असतं, त्याला हात लावू नका. आधीचे उरलेले दिवस पाण्यात जाऊ शकतात.

प्रीपेडवाल्याला जुना दर पकडून ठेवायची खरी संधी असते ती दरवाढीच्या आधीचे दोन-चार दिवस. जिओने २७ जून २०२४ ला दरवाढ जाहीर केली आणि ती ३ जुलैपासून लागू झाली. दिवसाला अडीच जीबीचा ३६५ दिवसांचा २,९९९ चा प्लान ३,५९९ झाला. ज्याने २ जुलैपर्यंत मारून ठेवला त्याचे ६०० रुपये वाचले आणि वर्षभर डोकं शांत. २८ दिवसांच्या प्लानवाल्याला वर्षात तेरा वेळा रिचार्ज मारावं लागतं, म्हणजे चूक व्हायचे प्रसंगही तेरा. लांब मुदतीचा घ्या म्हणतो ते मुख्यतः त्यासाठी.

पोस्टपेडवाल्याचा जुना प्लान जास्त वर्षं तग धरतो, कारण तिथे मुदत संपत नाही, बिल येत राहतं. तिथे घात करतं ते थकलेलं बिल. ऑटो-पेला जोडलेलं कार्ड बाद झालं, दोन बिलं तुंबली, कनेक्शन तोडलं, की जोडून देताना हाती नव्या यादीतला प्लान येतो.

दुसरा धक्का फोनवरून येतो. "सर, तुमच्या नंबरवर याच पैशात जास्त फायद्याचा प्लान आहे, सुरू करून देऊ का?" इथे 'हो' म्हटलं की गेला. हळू आवाजात 'हो हो' म्हणायची सवय असलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे हा फोन असेल तर घरच्यांनी आधीच बजावून ठेवा. तिसरा धक्का पोर्टिंग. १९०० वर पोर्टचा मेसेज पाठवून दुसऱ्या कंपनीत गेलात, पटलं नाही म्हणून परत आलात, तर परत येणारा हा नवा ग्राहक. जुना प्लान पाठीमागे येत नाही.

सिम बदलण्याला मात्र उगाच भिऊ नका. प्लान नंबरला चिकटलेला असतो, प्लास्टिकच्या तुकड्याला नाही. जुनं थ्रीजी सिम देऊन फोरजी घेतलं तरी नंबर आणि प्लान साधारणपणे तोच राहतो. फक्त सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येणार नाही. पीककर्जाच्या कागदांच्या दिवशी हे काम काढू नका. आणि काउंटरवर एक वाक्य ठणकावून सांगा: "फक्त सिम बदला, प्लान बदलू नका." पावतीवर तसं आहे का ते बघूनच उठा.

नावाचा प्रश्न अवघड आहे. आजोबा वारले, सिम त्यांच्या नावावर आणि वापर नातवाचा. नाव बदलायला गेलं की कंपनीच्या खात्यात बहुतेक वेळा नवा अर्ज भरला जातो आणि प्लान सुटतो. म्हणून लोक मयताच्या नावाचं सिम वर्षानुवर्षं वापरतात. ते करू नका. त्या नंबरला बँक, आधार, सातबाऱ्याचे मेसेज जोडलेले असतात, आणि पडताळणीत नंबर अडकला तर सोडवायला ज्याच्या नावावर आहे तो माणूसच नसतो. आजोबा हयात असतानाच त्यांना घेऊन सेंटरवर जा आणि नाव बदलल्यावर प्लान राहील का हे लेखी विचारा. नाही म्हणाले तर प्लान सोडा, नंबर वाचवा.

शेवटचा धक्का तंत्रज्ञानाचा, आणि त्याला इलाज नाही. ज्या यंत्रणेवर प्लान चालतो ती बंद झाली की प्लानही गेला. सीडीएमए या जुन्या तंत्रज्ञानावरच्या डेटाकार्डांचे अनलिमिटेड प्लान असेच गेले. एअरटेलचं थ्रीजी २०२० पर्यंत आटोपलं. थ्रीजी सिमवर अजून काही चालू असेल तर ते आजच फोरजी करून घ्या.

आता 'अनलिमिटेड' या शब्दाचा हिशेब. बहुतेक प्लानमध्ये रोजचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी, तासाला जेमतेम २९ एमबी. व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, यूपीआय रडतखडत होतं. ई-पीक पाहणीचा फोटो चढत नाही, महाडीबीटीचा फॉर्म मध्येच फेकून देतो. कोटा रात्री बाराला नव्याने भरतो, तेव्हा मोठी अपडेटं रात्री बारानंतर लावा, आणि फोनमधलं ॲपचं आपोआप अपडेट बंद ठेवा. ३६०पीवर व्हिडिओ तासाला साधारण ३०० एमबी खातो, ७२०पीवर १ जीबीच्या वर. पोरांच्या क्लासला ३६०पी पुरतं, फळ्यावरचं दिसतं.

फाइव्हजीचा अनलिमिटेड वेगळा. जुलै २०२४ पासून तो साधारणपणे दिवसाला २ जीबी किंवा मोठ्या प्लानवरच मिळतो, आणि फोन फाइव्हजी टॉवरवर असेल तेवढाच वेळ. गावाच्या कडेला फोन दिवसभर फोरजी-फाइव्हजी उड्या मारतो आणि फोरजीत गेला की कोट्यातून कापलं जातं. 'फाइव्हजी असून अकरा वाजता नेट संपतं' या तक्रारीचं कारण बहुतेक हेच. फोन खिडकीत टॉवरच्या बाजूला एका जागी ठेवून हॉटस्पॉट करा, फरक दिसेल.

राऊटरचं बोलू. फोनचं सिम राऊटरमध्ये चालतं का? बहुतेक चालतं, पण कंपनीला कळतं. आयएमईआयच्या, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या ओळख क्रमांकाच्या, पहिल्या आठ आकड्यांवरून यंत्र कोणतं ते ओळखू येतं. तुमच्या प्लानच्या अटीत 'फक्त हँडसेटसाठी' असेल तर तो प्लान राऊटरमध्ये टाकून धोक्यात घालू नका, त्याच फोनचं हॉटस्पॉट वापरा. आयएमईआय बदलून देणारे भेटतात. टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट, २०२३ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. नेटासाठी एवढं कोणी करत नाही.

राऊटर घ्यायच्या आधी सिग्नल मोजा. फोनवरच्या दांड्या खोटं बोलतात. नेटवर्कची माहिती दाखवणारं ॲप टाका आणि आरएसआरपी हा आकडा बघा, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोराचा येतो ते कळतं. उणे ८५ किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम, उणे १०० पर्यंत काम भागतं, उणे ११० च्या खाली रोजची कटकट. सोबत एसआयएनआर बघा, म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती स्वच्छ आहे ते; तो १० च्या वर हवा. शून्याखाली असेल तर दांड्या भरलेल्या असूनही नेट सरकत नाही. घराचे चार कोपरे, ओटा, छत, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबून आकडे कागदावर लिहा. संध्याकाळी आठ वाजता पुन्हा तेच करा, कारण तेव्हा गाव घरी आलेलं असतं आणि टॉवर तुंबलेला.

८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झचे बँड (टॉवरच्या लहरींचे पट्टे) लांब जातात, भिंत भेदतात, पण पट्टा अरुंद असल्याने संध्याकाळी गुदमरतात. २३०० चा वेग चांगला, पण तो पानांनी अडतो. सागाच्या पट्ट्यात हे स्पष्ट दिसतं. चैत्र-वैशाखात पानं झडलेली असताना नेट धावतं आणि पावसाळ्यात ओली पालवी भरली की त्याच खांबावर त्याच अँटेनाला आकडा पडतो. 'पावसाने राऊटर बिघडला' म्हणून तो दुरुस्तीला नेऊ नका. राऊटरमध्ये बँड निवडायची सोय असेल तर १८०० वर बांधून बघा, नाहीतर अँटेना झाडाच्या वर काढा.

टिनाचं छप्पर हे सिग्नलला झाकणच. आत राऊटर ठेवून उपयोग नाही, अँटेना बाहेर लागते. दीड इंची जीआय पाइप, छपरावर आठ-दहा फूट, त्यावर दोन अँटेना एकमेकींना काटकोनात, दोन्ही ४५ अंशात तिरप्या. एकच लावली तर अर्धा फायदा जातो. सगळ्यात मोठी चूक केबलची होते. दुकानात मिळणारी बारीक आरजी-५८ केबल दहा मीटर टाकली तर १८०० च्या बँडवर ७-८ डेसिबल (सिग्नलच्या कमी-जास्तीचं माप) खाऊन टाकते, म्हणजे ९-१० डेसिबलच्या अँटेनाने कमावलेलं जवळपास सगळं. एक तर एलएमआर-४०० जातीची जाड केबल घ्या, किंवा त्याहून सोपं म्हणजे बाहेर लावायचा राऊटरच पाइपवर चढवा आणि खाली साधी लॅन केबल आणा. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि वीजही तिच्यातूनच वर जाते. केबल शुद्ध तांब्याची बघून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि राऊटर सारखा बंद-चालू होतो. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. वानरं वरच्या अँटेनाला झोंबतात, तेव्हा मोकळी लोंबणारी केबल ठेवू नका, दर फुटाला पाइपला आवळा. अवकाळीची गाज ऐकू आली की प्लग काढा, आणि पाइपला अर्थिंग द्या.

'सिग्नल बूस्टर' म्हणून जे विकतात ते परवान्याशिवाय बेकायदा आहे, आणि त्याने गावातल्या इतरांचा टॉवर बिघडतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

उन्हाळ्याचं वेगळं. बऱ्याच राऊटरच्या खोक्यावर ४० अंशांची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे बाहेरच पारा कधीकधी ४५ च्या वर जातो, टिनाखाली त्याहून जास्त. दुपारी नेट सुस्त आणि रात्री झकास, तर आधी राऊटरला हात लावून बघा. कपाटाच्या डोक्यावर ठेवू नका, मातीच्या भिंतीला कंबरेच्या उंचीवर टांगा. बाहेरचा असेल तर उत्तरेच्या बाजूला, वर पत्र्याचा छोटा आडोसा. बॅटरीचं छोटं हॉटस्पॉट किंवा जुना फोन दिवसरात्र चार्जरला लावून राऊटर म्हणून वापरू नका, बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी टोचू-दाबू नका.

विजेसाठी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी ठेवा. राऊटर सरासरी ७-८ वॉट खातो, बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली तरी पाच तास जातात. बॅटरी चार्ज होताना १३.८ व्होल्टपर्यंत चढते, म्हणून मध्ये १२ व्होल्टचा कन्व्हर्टर बसवा. पण मोठी बॅटरी घेण्याआधी एकदा घड्याळ लावा: गावठाणाची लाईन गेल्यापासून टॉवर किती तासांनी मरतो? टॉवर तीन तासांत जात असेल तर तुमची दहा तासांची बॅटरी भिंतीला नेट देत बसेल.

प्लान न सांगता बदलला असं दिसलं तर त्याच दिवशी १९८ वर तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. त्यासाठी पुरावा आज जमवा: ॲपमधल्या प्लानच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि शेवटच्या तीन रिचार्जचे मेसेज.

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं असेल आणि केबलवाला घरी जोडणी देत असेल, तर जरूर घ्या. पण जुना प्लान त्याच दिवशी सोडू नका. खांबाखांबावरून आलेली फायबर पहिल्या वादळात कुठे तुटते आणि जोडायला माणूस किती दिवसांनी येतो, हे एक पावसाळा बघा. तोवर जुनं सिम त्याच फोनमध्ये, त्याच खिडकीत राहू द्या.