देवगिरीची चढाई, गुडघ्याखाली कृत्रिम पाय असताना

देवगिरीचा डोंगर सुमारे 200 मीटर उंच. दम सगळ्यांनाच लागतो, पण कृत्रिम पायवाल्याचा गड अडतो तो सॉकेटपाशी, म्हणजे उरलेला पाय ज्या कडक खोबणीत बसतो तिथं. त्यामुळे माझी तयारी पाय बनवून देणाऱ्या केंद्रातच सुरू होते. गडावर जे बूट घालणार, तेच तिथं घेऊन जातो. पायाची जुळणी बुटाच्या टाचेवर ठरते. टाच उंच झाली की गुडघा पुढे ढकलला जातो, बसकी झाली की मागे ताणतो. नवे बूट थेट गडावर नकोतच.

खरा प्रश्न स्टंपवर, म्हणजे गुडघ्याखाली उरलेल्या पायावर, चढवायच्या मोज्यांचा. चालता चालता स्टंप आकसतो. आपल्याकडच्या उन्हात पाणी कमी पडलं तर अजूनच. मग तो सॉकेटमध्ये खाली धसतो, टोकावर दाब येतो आणि गुडघ्याची वाटी कडेला घासते. वजन वाटीखालच्या कंडरेवर यायला हवं, वाटीवर नाही. हे जाणवलं की तिथंच थांबून 1 प्लायचा (प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप) मोजा वाढवायचा. "अजून थोडं वर जाऊन बघू" म्हणालात की फोड आलाच. पिशवीत 1, 3 आणि 5 प्लायचे सुती मोजे ठेवा. सिलिकॉन लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ आवरण, असेल तर मोजा लायनरच्या वरून.

लायनरमध्ये घाम साचला की पाय आत वरखाली सरकतो. खंदकाचा पूल ओलांडण्याआधी, चिनी महालापाशी मी लायनर काढतो, स्टंप आणि लायनर दोन्ही कोरडे पुसतो, टोकाशी हवा राहणार नाही असा परत चढवतो. हे पाचेक मिनिटांत उरकायचं. मोकळा स्टंप सुजतो आणि मग सॉकेटमध्ये बसत नाही.

अंधारीत, म्हणजे गडाच्या काळोख्या भुयारी वाटेत, कृत्रिम पावलाला जमीन कळत नाही, ते बघूनच टाकावं लागतं. दोन्ही हात काठ्यांना लागतात, म्हणून बॅटरी डोक्याला बांधलेलीच हवी. वटवाघळांच्या विष्ठेनं पायऱ्या निसरड्या असतात, आणि एकीची उंची दुसरीसारखी नाही.

चढताना आधी चांगला पाय. उतरताना आधी कृत्रिम, आणि खरी परीक्षा उतरतानाच. साध्या कृत्रिम पावलाचा घोटा वाकत नाही. पाऊल पायरीवर पूर्ण टेकवलं तर गुडघ्याला एकदम झटका बसतो. म्हणून टाच पायरीवर आणि चवडा कडेबाहेर ठेवायचा, म्हणजे पाऊल कडेवरून पुढे कलंडतं. काठ्या उतरताना 5 ते 10 सेंटीमीटर लांब करा.

नळीचा, म्हणजे आत धातूची नळी असलेला, पाय असेल तर 4 मिलिमीटरची ॲलन की जवळ असू द्या. पावलागणिक टकटक ऐकू आली तर स्क्रू ढिला झालाय. तेवढाच आवळा, जुळणीला हात लावू नका.

घरी आल्यावर आरसा घेऊन स्टंपचं टोक आणि मागची बाजू बघा. लाली 20 मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर सॉकेट दाखवून घ्या. कातडी फुटली असेल तर ती भरेपर्यंत पाय लावायचा नाही, कुबड्या घ्यायच्या. लायनर रात्रीच सौम्य साबणानं धुवा. सकाळी धुतला तर ओलसरच चढवला जातो.