वायफायचा ड्रायव्हर आणि पक्कं बिल

तपकीर गल्लीतून आणलेला यूएसबी वायफाय डोंगल लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेना, म्हणून मी आणि कोथरूडचा एक मित्र त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला बसलो. कोड जमेल याची खात्री होती. कागदपत्रांचं एवढं लचांड मागे लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

चिपवाल्या कंपनीने लिनक्ससाठी कोड दिला होता, पण एका जुन्या कर्नलपुरता (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा). कर्नलच्या आतली फंक्शनं सतत बदलत असतात, त्यामुळे नव्यावर तो कंपाईलच होईना. त्यात एका फाईलवर जीपीएल, म्हणजे कोड खुला वापरू देणारा परवाना, तर शेजारच्याच फाईलवर 'गोपनीय'. असल्या कोडखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' कोणत्या तोंडाने लिहायचं? २००४ पासून कर्नलमध्ये ती ओळ म्हणजे 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' अशी स्वतःच्या नावाने दिलेली हमी असते.

मित्राचे काका शिवाजीनगर कोर्टात वकिली करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "बिल आहे का?"

बिल कशाला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२. प्रोग्रॅम कायदेशीरपणे ताब्यात असलेल्या माणसाला त्याचं काम कसं चालतं याचा अभ्यास करता येतो. दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढून घेण्यापुरती कृती कॉपीराइटचा भंग धरत नाहीत. "पण आधी ताबा कायदेशीर पाहिजे. आणि कंपनीच्या करारावर 'मान्य' दाबलंस तर तो विषय वेगळा. दाबू नकोस."

परत तपकीर गल्ली. दुकानदार म्हणाला, "पक्कं बिल? मग १८ टक्के वर पडतील साहेब." दिले. मी त्या डोंगलवर केलेला सगळ्यात शहाणा खर्च तोच.

पुढचा नंबर माझ्याच ऑफिसचा. हिंजवडीतल्या नोकरीच्या करारात 'नोकरीत असताना केलेलं सगळं कंपनीचं' असा मजकूर होता. कायद्यात मालकाचा हक्क नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर असतो, पण सही केलेला करार त्याहून रुंद असू शकतो. एचआरला मेलवर मेल. शेवटी 'घरी, स्वतःच्या मशीनवर, आमचा संबंध नाही' असं लेखी मिळालं. तोंडी होकारावर जाऊ नका, मॅनेजर बदलतो.

कामाची वाटणी ब्रॉडकॉमच्या चिपसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरवरून घेतली. तो २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. एका गटाने मूळ ड्रायव्हर उलगडून फक्त वर्णन लिहायचं आणि दुसऱ्याने त्या वर्णनावरून नवा कोड लिहायचा, अशी ती पद्धत. मित्र विंडोजवर डोंगल चालवून यूएसबीवरची देवाणघेवाण टिपायचा आणि साध्या भाषेत लिहून द्यायचा. त्यानंतर कंपनीच्या कोडला मी हातही लावला नाही. चहाला भेटलो तरी चिपच्या रजिस्टरचा (तिच्या आतल्या नोंदींच्या कप्प्यांचा) विषय काढायचा नाही, हे ठरलेलं.

त्याच्या टिपणातून कळलं की डोंगल लावल्यावर तो आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतो. त्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर असतो. एक कमांड देऊन सीडी 'बाहेर काढली' की मग वायफायचं रूप दिसतं. पुढे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, तुकड्यातुकड्यांनी चढवायचं आणि चिप तयार असल्याची खूण (बिट) येईपर्यंत थांबायचं. इथे मी बरेच दिवस अडकलो, कारण शेवटच्या तुकड्यानंतर चिपला थोडी उसंत द्यावी लागते, आणि वेळेचा तो आकडा पहिल्या टिपणात नव्हता.

ट्रान्समिट पॉवरबद्दल, म्हणजे सिग्नल किती जोराने सोडायचा याबद्दल, कंपन्या नियमांकडे बोट दाखवून सगळं झाकून ठेवतात. मला ते अर्धंच पटतं. आपल्याकडे २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झचे पट्टे परवानामुक्त झाले, पण पॉवरची मर्यादा आहेच. ती पाळायला कोड लपवावा लागत नाही. देशाप्रमाणे मर्यादा लावायची सोय कर्नलमध्ये आहे. चिपमधल्या ईफ्यूजमधून (कारखान्यातच कायमची लिहिलेली मेमरी) त्या चिपचं कॅलिब्रेशन, म्हणजे जुळवणीचे आकडे, वाचायचं आणि कर्नलने दिलेल्या मर्यादेच्या आत राहायचं.

घोडं अडलंय ते फर्मवेअरपाशी. ते कंपनीचं, आणि वाटायची परवानगी नसेल तर लिनक्सच्या फर्मवेअर संग्रहात घेत नाहीत. कंपनीला लिहिलं की उत्तर येतं, 'संबंधित विभागाकडे पाठवलं आहे.' तोवर आम्ही एक छोटं साधन दिलंय. ज्याच्याकडे डोंगल आहे त्याने त्याच्याच सीडीतून फर्मवेअर काढून घ्यायचं. वायफाय चालतं. हॉटस्पॉट करायचा तर ५२ ते १४४ हे चॅनेल मात्र बंद ठेवलेत, कारण त्या पट्ट्यांत रडारही चालतात, बऱ्याच देशांत ते ओळखून बाजूला होणं सक्तीचं आहे आणि तो भाग अजून लिहून व्हायचाय.