स्टॉप गेलं, मग थ्रेड थांबवायचा कसा?

गोदामाचा हिशेब ठेवणारा एक जुना जावा प्रोग्राम आवृत्ती ८ वरून २१ वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. कंपायलरने इशारे दिले, तरी प्रोग्राम चालला. बंद करताना मात्र 'अनसपोर्टेड ऑपरेशन'चं एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना फेकली जाणारी चूक)! कोड लिहिणाऱ्याने प्रत्येक थ्रेडवर (प्रोग्रामच्या आत समांतर चालणाऱ्या प्रत्येक कामावर) बिनधास्त स्टॉप मेथड वापरली होती. ती वापरू नका, असं जावा १.२ पासून, म्हणजे १९९८ पासून सांगितलं जातंय. २०२३ च्या जावा २० मध्ये ती नुसतं एक्सेप्शन फेकू लागली.

मला ते पटतं. स्टॉप थ्रेडला असेल त्या ओळीवर मारायचं आणि त्याने धरलेली लॉक्स (एका वेळी एकाच थ्रेडला डेटाला हात लावू देणारी कुलुपं) सुटायची. साठ्यातून नग वजा झालेत, बिलात चढलेले नाहीत, आणि तेवढ्यात लॉक मोकळं! अर्धवट बदललेला ऑब्जेक्ट इतर थ्रेड खुशाल वाचणार.

मग नेहमीचा उपाय: एक बूलियन फ्लॅग ('थांबायचं की नाही' एवढंच खरं-खोटं ठेवणारा), लूपमध्ये तो तपासायचा. थ्रेड थांबेना. शोधायला लूपमध्ये प्रिंटलाइन (स्क्रीनवर ओळ छापणारी आज्ञा) टाकली, तर शहाण्यासारखा थांबला. काढली की पुन्हा पळतोय. फ्लॅग व्होलाटाइल (दर वेळी ताजी किंमत वाचायला लावणारा शब्द) नव्हता, म्हणून जिट कंपायलरने (चालता कोड वेगवान करणाऱ्याने) त्याचं वाचन लूपच्या बाहेर काढलं होतं, आणि प्रिंटलाइनच्या आतल्या सिंक्रोनायझेशनमुळे (लॉक घेण्या-सोडण्यामुळे) ते झाकलं जात होतं. व्होलाटाइल हा एक शब्द जोडला आणि प्रश्न मिटला.

दुसरा थ्रेड रिकाम्या ब्लॉकिंग क्यूवर (काही येईपर्यंत थांबवून ठेवणाऱ्या रांगेवर) टेक करून, म्हणजे पुढची गोष्ट घ्यायची वाट बघत, बसलेला. तो फ्लॅग बघणार कधी? तिथे इंटरप्ट (थ्रेडला 'थांब' असं सुचवणारा इशारा) लागतो. पण जुन्या कोडमध्ये इंटरप्टेड एक्सेप्शनचा कॅच ब्लॉक (ते पकडणारा कोडचा भाग) रिकामा होता. ते एक्सेप्शन फेकलं जाताना इंटरप्टची खूण पुसली जाते, त्यामुळे लूप पुन्हा क्यूवर जाऊन बसे. कॅचमध्ये स्वतःलाच पुन्हा इंटरप्ट करून लूपच्या अटीत ती खूण तपासली. (रिकामा कॅच ब्लॉक लिहिणाऱ्याला चहा पाजायला लावला पाहिजे.)

तिसरा सर्व्हर सॉकेटच्या ॲक्सेप्टवर, म्हणजे नेटवर्कवरून नवी जोडणी येण्याची वाट बघत, अडकलेला. साधा थ्रेड तिथे इंटरप्टला दाद देत नाही. दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेटच क्लोज केलं. ॲक्सेप्टने सॉकेट एक्सेप्शन फेकलं आणि थ्रेड बाहेर आला.

उरला एका बाहेरच्या लायब्ररीत लांबलचक आकडेमोड करणारा. ती लायब्ररी ना फ्लॅग बघते, ना इंटरप्ट. ते काम वेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतःची मेमरी असलेल्या स्वतंत्र चालत्या प्रोग्राममध्ये) हलवलं, कारण प्रोसेस मारली तर तिची मेमरीही तिच्याबरोबरच जाते.