ज्येष्ठता यादीत चौथी

सोमवार, रात्री पावणेअकरा

आज वरिष्ठ लिपिकाच्या पदोन्नतीची ऑर्डर निघाली. जागा पाच, ज्येष्ठता यादीत मी चौथी. पाचवा आणि सहावा नंबर वर गेला, माझं नाव नाही.

दुपारी आस्थापनेच्या टेबलावर गेले. भाऊसाहेबांनी फाईल उघडून माझ्या नावासमोरचा पेन्सिलीतला शेरा दाखवला, "गो. अ. दोन वर्षांचे अप्राप्त". गो. अ. म्हणजे गोपनीय अहवाल, साहेबांनी आमच्या कामावर दरवर्षी लिहायचा. त्या दोन्ही वर्षांचं स्वयंमूल्यनिर्धारण, म्हणजे अहवालासाठी आपल्या कामाची आपण भरून द्यायची माहिती, मी वेळेत दिलं होतं. सोलापूरचा एप्रिल, डोक्यावर पंखा, कागद उडू नयेत म्हणून पाण्याची बाटली ठेवून भरलेलं. तेव्हाच्या साहेबांची बदली झाली, पुढे ते निवृत्त झाले. माझ्या त्या कागदांचं पाकीट कुठल्या कपाटात राहिलं, कोणालाच सांगता येईना.

विभागीय परीक्षा मी मुलगी पोटात असताना पास झाले. विभागीय चौकशी नाही, मत्ता-दायित्व विवरण दरवर्षी भरलेलं. पण पदोन्नती समितीपुढे मी नसते, माझे अहवाल असतात.

सात रस्त्याच्या टपरीवर चहा घेताना आमची माणसं बोलतात ती बिंदुनामावलीवर, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची ते ठरवणाऱ्या तक्त्यावर, आणि पदोन्नतीच्या जागा आरक्षण न ठेवता ज्येष्ठतेने भरायला सांगणाऱ्या 7 मे 2021 च्या शासन निर्णयावर. पदोन्नतीतलं आरक्षण हा मोठा प्रश्न आहे, तो न्यायालयात लढला जातोय. माझं मात्र तिथे अडलं नाही, एका पाकिटापाशी अडलं.

2008 मध्ये देवदत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. माझी तर नोंदच झाली नाही, मग कळवणार काय?

शेजारच्या टेबलावरच्या ताईंचं दुःख वेगळंच. त्यांची ऑर्डर आली होती, पण करमाळ्याला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ताईंनी नकार लिहून दिला आणि दिवसभर डोळे पुसत टायपिंग केलं. पदोन्नती नाही मिळाली तरी आश्वासित प्रगती योजनेत दहा, वीस, तीस वर्षांनी पगार वाढतो, हे खरं. पण मला वरिष्ठ लिपिकाच्या टेबलावरचं काम करायचंय. टिपणी लिहायची, निर्णयापर्यंत न्यायची, ते मला जमतं.

आत्ता त्या दोन अहवालांबाबतचा अर्ज लिहून झाला. दोन प्रती काढल्यात. उद्या सकाळी आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय जागेवर बसणार नाही.